पालखीचे आद्य प्रवर्तक : तपोनिधी श्रीनारायण महाराज देहूकर



ज्येष्ठ महिना अर्धा सरला की आपल्या माळकरी घरातून एकच बोलणे चालू होते. पेरणी कधी उरकायची, गुरेढोरे कोणाच्या हवाली करायची, यंदा भिशी किती भरायची, पडशी कोणत्या गाडीत टाकायची, म्हातारीचे पाय चालतील की तिला यंदा घरीच ठेवायचे. या साऱ्या बोलण्याच्या मध्यभागी एक कागद असतो, तो म्हणजे पालखीच्या मुक्कामांचा. आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी आणि पंढरपूर. आपल्याला ही गावे हरिपाठासारखी तोंडपाठ असतात. पण तोंडपाठ झालेल्या गोष्टीचा एक तोटा असतो. ती कोणी तरी आधी मनात आणली, कोणी तरी तिच्यासाठी आयुष्य वेचले, हे आपण विसरून जातो.

मागे एका वर्षी आम्ही सणसरच्या मुक्कामी होतो. बारामती सोडून, काटेवाडीला परीट मंडळींनी अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्या आणि पालखीभोवती पळणाऱ्या मेंढ्यांचे रिंगण डोळ्यांत साठवून, भवानीनगरच्या साखर कारखान्याजवळून दिंडी सणसरात पोचली होती. पिठले-भाकरीचा प्रसाद झाला, पाय चेपून घेऊन मंडळी पडली. तेवढ्यात शेजारचा एक तरुण टाळकरी सहज विचारता झाला की, पालखी तुकोबारायांनीच चालू केली ना? आम्ही म्हणालो, नाही बाबा, ती त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी चालू केली. त्यावर तो गप्प झाला. पाच वर्षे तो वारीला येत होता, पण त्याला ते नाव ठाऊक नव्हते. त्या मुलाचा काही दोष नाही. आपण सांगितलेच नाही, तर त्याला कळणार कसे? म्हणून आजच्या सेवेला तपोनिधी श्रीनारायण महाराज देहूकर यांचे चरित्र घेतले आहे.

पित्याला न पाहिलेला पुत्र

श्रीतुकोबारायांचे वैकुंठगमन शके १५७१, म्हणजे इ. स. १६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला झाले. आपण तिला तुकाराम बीज म्हणतो. त्या वेळी देहूच्या घरी जिजाई गरोदर होती. महादेव आणि विठोबा हे दोन मुलगे, काशी, भागीरथी आणि गंगा या तीन मुली, आणि एक जीव अजून पोटात. त्या पोटातल्या जिवाने बाप डोळ्यांनी पाहिलाच नाही. तेच आपले नारायण महाराज.

आपण जिजाईला आवली म्हणतो आणि तिच्या तोंडाच्या फटकळपणाच्या गोष्टी कीर्तनात सांगून हसतो. पण भंडारा डोंगरावर ऐन उन्हात भाकरी घेऊन चढणारी तीच, आणि घरधनी गेल्यावर पाच लेकरे सांभाळून सहावे जन्माला घालणारीही तीच. तुकोबारायांचे धाकटे बंधू कान्होबा यांनी भावाच्या वियोगाने किती आक्रोश केला, हे गाथ्यातल्या त्यांच्या अभंगांवरून सर्वांना ठाऊक आहे. अशा घरात नारायण महाराज वाढले. बाप नव्हता, पण बापाचा शब्द घरात होता. इंद्रायणीकाठी, देवळात, गावच्या पारावर तुकोबांचे अभंग लोकांच्या मुखी होते. ज्याने बापाचा हात धरला नाही, त्याला बापाच्या शब्दाचा हात धरून चालावे लागले. पुढे त्यांनी जे केले, त्याचे बीज इथेच पडले असावे असे आम्हाला वाटते.

आणखी एक गोष्ट या घराच्या ओसरीवर नक्कीच पुनःपुन्हा निघत असली पाहिजे. १६२९ ते १६३१ च्या सुमारास महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ पडला. त्यात तुकोबारायांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू हे अन्नावाचून गेले. घर मूळचे सावकारीचे, महाजनकीचे. लोकांकडे येणे होते, त्याची खते घरात होती. तुकोबारायांनी त्या खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांची वाटणी त्यांना देऊन टाकली आणि आपल्या वाटणीची खते इंद्रायणीत सोडली. भावाचा हक्क बुडवला नाही, आणि आपला हक्क ठेवला नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. या चरित्राच्या शेवटी तिची पुन्हा गरज पडणार आहे.

पालखीपूर्वीची वारी

पालखी निघण्याआधी वारी नव्हती असे नाही. वारी फार जुनी. श्रीज्ञानोबारायांच्या घराण्यातही पंढरीची ओढ होती, आणि देहूच्या मोरे घराण्यात तर तुकोबारायांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांच्यापासून पंढरीचा नेम चालत आला. विश्वंभरबाबांच्या भक्तीला भुलून देव देहूला आला आणि आंब्याच्या वनात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या, अशी परंपरा आहे. देव दारी आला तरी या घराने पंढरीची वाट सोडली नाही.

पण ती वारी प्रत्येकाची आपापली होती. गावोगावचे चार-दहा माळकरी एकत्र येत, वीणा-टाळ घेऊन निघत आणि पोचत. सोबत मिळाली तर मिळाली. वाटेत नदी फुगली, कोणी आजारी पडले, चोरटे भेटले, तर जो तो आपल्या दैवावर. स्वतः तुकोबाराय एका वर्षी आजारपणामुळे पंढरीस जाऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांनी वारकऱ्यांच्या हाती देवाला पत्ररूप अभंग पाठवले, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. एवढा मोठा भक्त, पण शरीर थकले तेव्हा वारी चुकली. माणूस पुढे असला की तो आजारी पडतो, म्हातारा होतो, एक दिवस जातो. मग मागच्यांनी कोणाच्या मागे चालावे?

नारायण महाराजांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर अगदी साधे होते. साधे असल्यामुळेच ते टिकले. त्यांनी तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि पालखी पुढे घातली. पादुका आजारी पडत नाहीत, म्हाताऱ्या होत नाहीत, आणि मानासाठी रुसतही नाहीत. चालणारे बदलतील, खांदे बदलतील, पण ज्यांच्या मागे चालायचे ते चरण तेच राहतील.

एक पालखी, एक भजन

हे साल १६८५. नारायण महाराज त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते. देहूहून तुकोबारायांच्या पादुका घेऊन ते थेट पंढरीच्या वाटेला लागले नाहीत. आधी ते आळंदीला गेले. तिथे श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पादुका त्यांनी त्याच पालखीत घेतल्या आणि दोघांना बरोबर घेऊन पंढरीची वाट धरली. वाटेने भजन चालू झाले, ज्ञानबा-तुकाराम. आज लाखो मुखांतून निघणारे हे भजन नारायण महाराजांच्या पालखीने रूढ केले, अशी आपल्या संप्रदायाची धारणा आहे.

यात केवढे मोठे काम झाले, ते जरा थांबून पाहिले पाहिजे. माउलींची संजीवन समाधी १२९६ ची. तुकोबारायांचे वैकुंठगमन १६५० चे. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर. एक संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेल्या ब्राह्मण घरातले, दुसरे कुणबी-वाण्याच्या घरातले. एकाने गीतेचा अर्थ मराठीत आणला, दुसऱ्याची वही पाण्यात गेली तेव्हा तो इंद्रायणीकाठच्या शिळेवर तेरा दिवस बसून राहिला. पंडितांनी त्यांचे नाते सांगण्यासाठी मोठे ग्रंथ लिहिले असते. नारायण महाराजांनी दोघांच्या पादुका एका पालखीत शेजारी-शेजारी ठेवल्या आणि अडाण्यातल्या अडाणी माणसालाही ते नाते कळले. वाचता न येणाऱ्या माणसाच्या पायाला आणि तोंडाला त्यांनी ज्ञान दिले.

बापाचे नाव मोठे करावे असे कोणत्या मुलाला वाटत नाही? नारायण महाराजांनी नुसत्या तुकोबारायांच्या पादुका नेल्या असत्या तरी लोकांनी पालखी डोक्यावर घेतली असती. पण त्यांनी बापाच्या नावाआधी माउलींचे नाव ठेवले. बापाची खरी सेवा कशात आहे, हे त्यांना कळले होते.

काळ कसा होता

आता हे सर्व कोणत्या दिवसांत झाले ते ऐका. श्रीशिवछत्रपती १६८० साली गेले. १६८२ साली औरंगजेब बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला. गादीवर छत्रपती संभाजी महाराज होते आणि सारा मुलूख लढाईत होता. १६८५ च्या उन्हाळ्यात बादशहाने आपला तळ सोलापुरास आणला आणि त्याच्या फौजांनी विजापुराला वेढा घातला. सोलापूर ते पंढरपूर म्हणजे पायी चालणाऱ्या वारकऱ्याच्या तीन-चार मजला. म्हणजे ज्या आषाढीला ही पालखी पहिल्यांदा चंद्रभागेच्या रोखाने निघाली, त्या आषाढीला बादशाही छावणी पंढरीपासून हाकेवर नसली तरी घोड्याच्या टापेवर होती.

पुढची वर्षे याहून कठीण आली. १६८९ साली संभाजी महाराजांचा शेवट आळंदीपासून जवळच, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर-वढूच्या परिसरात झाला. १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाचा मोठा तळ पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेकाठी ब्रह्मपुरीस होता. त्या धामधुमीत पंढरीच्या देवाची मूर्तीच जवळच्या देगावला नेऊन लपवली होती, अशी परंपरा सांगते. त्यानंतर १७०२ ते १७०४ च्या दरम्यान दख्खनेत दुष्काळ आणि रोगराई आली.

अशा काळात शहाण्या माणसाने काय सांगितले असते? दिवस बरे येऊ द्या, मग वारीचे पाहू, असेच सांगितले असते. आणि ते चूकही म्हटले नसते. पण दिवस बरे येण्याची वाट पाहत ती एक पिढी गेली असती, तर पुढच्या पिढीला वाट दाखवायला कोण उरले असते? एकट्या-दुकट्याने जाणे धोक्याचे झाले तेव्हाच सर्वांनी मिळून जाण्याची सोय नारायण महाराजांनी लावली. भिऊन घरी बसलेल्याला बाहेर काढायचे तर उपदेशाने भागत नाही, त्याच्याबरोबर चालणारी माणसे दाखवावी लागतात. पालखीने ते केले. पालखीच्या दांडीजवळ हत्यार नव्हते, टाळ होते.

वारीची आखणी

मोठ्या माणसाची भक्ती आपण वाखाणतो, पण त्याची व्यवस्था वाखाणत नाही. खरे पाहता पायी वारी म्हणजे अर्धी भक्ती आणि अर्धी आखणी. नुसत्या भक्तीने हजार माणसांना पाणी मिळत नाही. ही आखणी कशी असते, ते थोडक्यात पाहू. म्हणजे ज्याने ती पहिल्यांदा मनावर घेतली त्याची थोरवी कळेल.

पहिली गोष्ट तिथी. वारीचा हिशेब निघण्यापासून पुढे मोजत नाहीत, तो एकादशीपासून मागे मोजतात. आषाढ शुद्ध एकादशीला चंद्रभागेचे स्नान घडलेच पाहिजे, हा खुंटा पक्का. तिथून मागे येत येत देहूचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला पडते. म्हणजे सुमारे अठरा-एकोणीस दिवस. कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी होते, त्याप्रमाणे मधला एखादा मुक्काम वाढतो किंवा गळतो. म्हणूनच दर वर्षी मुक्कामांचा कागद नव्याने काढावा लागतो. गेल्या वर्षीचा कागद घेऊन चालणारा चुकतो.

दुसरी गोष्ट पेरणी. ज्येष्ठात मृग निघतो. शेतकरी माणूस दाणा मातीआड करतो आणि मगच निघतो. पेरून झाले की उगवणे देवाच्या हाती, तेवढ्या दिवसांत देवाला भेटून यावे. वारी ही कुणब्याच्या वर्षात बसवलेली आहे. ती शेताच्या आड येत नाही, म्हणून ती शेतकऱ्याला सोडवत नाही.

तिसरी गोष्ट पाणी. देहू ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. मावळ मागे पडले की पावसाची सर विरळ होते. पाटसच्या पुढे रोटीचा घाट चढून उंडवडीकडे आले की आभाळ असते पण पाऊस नसतो. आज बारामती, सणसर, बेलवाडी या भागात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, त्यामुळे नव्या वारकऱ्याला हा मुलूख बारमाही ओला वाटतो. पण तो कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. त्याआधी हा सारा कोरडवाहू पट्टा होता, ज्वारी-बाजरीचा. अशा मुलुखातून शेकडो माणसे न्यायची तर मुक्काम कुठे करायचा, हे गावाच्या मोठेपणावर ठरत नाही. ते विहिरीवर, ओढ्यावर आणि गावकऱ्यांच्या मनावर ठरते.

चौथी गोष्ट मजल. तरण्या माणसाच्या पायाने मजल आखली तर म्हातारी मागे राहते. आपल्याकडे मजल म्हातारीच्या पायाने आखतात. सकाळी पूजा झाली की पालखी निघते, दुपारी विसावा होतो, दिवस मावळता मावळता मुक्काम येतो. मुक्कामाला समाजआरती, हरवल्या-सापडल्याचा पुकारा, कीर्तन आणि जागर. कोणी मागे राहिला तर त्याला रात्री तरी आपली दिंडी सापडावी, अशी ही योजना आहे.

दिंड्यांचा आजचा बारीक क्रम आणि शिस्त ही सारी १६८५ मध्येच जशीच्या तशी ठरली, असे कोणी समजू नये. ती पिढ्यापिढ्यांनी वाढवली. पण पाया एकाचा आहे. ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या वाटेने, पादुकांच्या मागे, एका भजनात सर्वांनी चालायचे, हा पाया नारायण महाराजांनी घातला.

देहूची घडी

नारायण महाराजांनी पालखीबरोबर देहूचीही घडी बसवली. शिवछत्रपतींचे नातू शाहू महाराज १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि पुढे साताऱ्यास राज्याभिषेक झाला. त्यांच्या कारकीर्दीत देहूच्या देवस्थानाला देहू आणि आसपासच्या गावांचे इनाम मिळाले. देवाची पूजा, नैवेद्य, अन्नदान आणि वारीचा खर्च यांना त्यामुळे कायमचा आधार झाला. ज्या बापाने खते नदीत सोडली, त्याच्या मुलाने राजाकडून इनाम घ्यावे, हे कोणाला खटकेल. पण ते स्वतःच्या ओसरीसाठी नव्हते, देवाच्या सेवेसाठी होते. विरक्त माणसाने स्वतःसाठी काही घेऊ नये हे खरे. तसेच त्याने शेकडो लोकांना उपाशी चालवू नये हेही तितकेच खरे. नारायण महाराजांना लोकांनी तपोनिधी म्हटले. त्यांचे तप आसन घालून बसण्याचे नव्हते, ते वर्षानुवर्षे चालण्याचे आणि चालवण्याचे होते.

याच काळात पिंपळनेरचे निळोबाराय तुकोबारायांना सद्गुरू मानून संप्रदायाची ध्वजा पुढे नेत होते. एकीकडे निळोबारायांच्या अभंगांनी आणि दुसरीकडे नारायण महाराजांच्या पालखीने तुकोबारायांचा वारसा चालू राहिला. शब्द आणि पाऊल, दोन्ही टिकले.

हक्काची वाटणी

आता एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. संतचरित्रात गोडच सांगावे असा काहींचा आग्रह असतो. पण कडू गाळले की औषधही गळते.

नारायण महाराजांच्या मागे पुढच्या पिढ्यांत मान आणि हक्क यांवरून घराण्यात वाद उत्पन्न झाले. पालखी कोणाची, पुढे कोण, उत्पन्न कोणाचे. ज्यांच्या पूर्वजाने आपल्या वाटणीची खते पाण्यात सोडली, त्यांच्याच वंशात वाटणीवरून कज्जे झाले. कोणा एकाला नावे ठेवण्याचे कारण नाही. इनाम आले की हिशेब येतो, हिशेब आला की हक्क येतो, आणि हक्क आला की भाऊ भावाला ओळखत नाही. हे आपल्या प्रत्येकाच्या बांधावर रोज घडते.

त्या वादांच्या काळात, १८३२ च्या सुमारास, साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा पवार पुढे आले. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेला हा सरदार माउलींच्या पायाशी आळंदीत येऊन राहिला होता. त्यांनी माउलींच्या पादुकांची स्वतंत्र पालखी आळंदीहून काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले, वासकरांसारख्या फडकऱ्यांनी साथ दिली, आणि दिंड्यांना लष्करी शिस्त आली. तेव्हापासून माउली सासवड, जेजुरी, लोणंद, फलटणवरून जातात आणि तुकोबाराय यवत, बारामती, सणसर, इंदापूरवरून जातात.

नारायण महाराजांनी जोडलेले तुटले, असे यावरून म्हणावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. पालख्या दोन झाल्या, पण भजन एकच राहिले. आज माउलींच्या रथापुढेही ज्ञानबा-तुकाराम हेच भजन आहे आणि तुकोबारायांच्या रथापुढेही तेच. वाखरीला सर्व संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि तिथून एका वाटेने पंढरीत शिरतात. माणसांनी हक्क वाटून घेतले, पण भजन कोणाला वाटता आले नाही. नारायण महाराजांची खरी करणी हीच की, जे वाटले जाऊ शकते त्यात त्यांनी आपला जीव ठेवला नाही, जे वाटले जाऊ शकत नाही त्यात ठेवला.

सणसरच्या मुक्कामी

त्या रात्री सणसरला हे सारे त्या तरुण टाळकऱ्याला सांगता सांगता मध्यरात्र झाली. कुठे तरी जागराचे अभंग चालू होते, पखवाज मंद वाजत होता. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला पहिले गोल रिंगण होते, अश्व धावायचे होते, म्हणून मंडळींना लवकर उठायचे होते. त्याने शेवटी एकच विचारले की, एवढे करून नारायण महाराजांच्या नावाचा जयघोष आपण का करत नाही? याचे उत्तर आम्ही दिले नाही, कारण ते त्याचे त्यालाच सापडण्यासारखे होते. सकाळी पालखी हलली, टाळ वाजले, आणि त्याच्या तोंडून ज्ञानबा-तुकाराम निघाले तेव्हा तो आमच्याकडे पाहून हसला. ज्याने हे भजन आपल्याला दिले, त्याने त्यात आपले नाव घातले नाही.

२०२५ साली देहूच्या पालखीचे ३४० वे वर्ष झाले. या काळात राज्ये आली आणि गेली, वाटा डांबरी झाल्या, पाठीवरच्या पडशा गाड्यांत गेल्या, कंदिलाच्या जागी विजेचे दिवे आले. पण आषाढीपासून मागे मोजण्याचा हिशेब तोच आहे, आणि पादुकांच्या मागे चालण्याचा नेमही तोच.

वारकरी बंधु-भगिनींनो, यंदा मुक्कामांचा कागद हाती येईल तेव्हा क्षणभर नारायण महाराजांचे स्मरण करा. दिंडीत मानापानावरून कुरबुर झाली, पुढे कोण आणि मागे कोण यावरून तोंडे फिरली, भिशीच्या हिशेबावरून शब्दाला शब्द वाढला, तर इंद्रायणीत सोडलेल्या त्या खतांची आठवण करा. आणि घरात कोणी म्हणाले की यंदा काळ बरा नाही, पुढल्या वर्षी पाहू, तर १६८५ ची आषाढी आठवा. म्हातारीला विचारा. तिची चालायची तयारी असेल तर तिचा हात धरा आणि मजल तिच्या पायाने आखा. जिला खरेच चालवत नाही, तिला घरच्या उंबऱ्यातून पालखीच्या दिशेने हात जोडायला सांगा. तिचीही वारी देव मांडून घेईल.

असो. लेख लांबला. चूकभूल वारकऱ्यांनी पदरात घ्यावी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!